निरनिराळ्या संस्कृतींच्या मंडळीसाठी उपासनेची आखणी

एकाच ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वेगवेगळ्या भाषांची, देशांची आणि चालीरीतींची कुटुंबे येऊ लागली, की बहुतेक ठिकाणी पहिला विचार दाराशी होणाऱ्या स्वागताचा होतो. दारात हसतमुख माणसे उभी केली जातात, निरनिराळ्या भाषांतले स्वागताचे फलक लावले जातात, आणि काही महिन्यांनी लक्षात येते की माणसे आली, बसली आणि हळूहळू येईनाशी झाली. याचे कारण बहुधा दारात सापडत नाही. ते त्यानंतरच्या तास-दीड तासात सापडते. गीते कोणी निवडली, शास्त्रपाठ (बायबलमधील उतारा) कोणी वाचला, प्रार्थनेत कोणाच्या दुःखाचा उल्लेख झाला आणि पुढच्या रविवारी काय करायचे हे कोणाच्या बैठकीत ठरले, या सर्व प्रश्नांची उत्तरे वर्षानुवर्षे त्याच चार घरांत मिळत असतील, तर नवीन माणसाला कितीही प्रेमाने वागवले तरी तो पाहुणाच राहतो. म्हणून पुढील सर्व सूचनांचा भर उपासना घडवण्याचे काम वाटून घेण्यावर आहे.

हा प्रश्न मंडळीच्या जन्माइतकाच जुना आहे. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात, यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या वाटणीच्या वेळी ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकूर सुरू झाल्याचे सांगितले आहे. प्रेषितांनी नुसती समजूत घालून वेळ मारून नेली नाही. सात माणसे निवडली गेली, आणि स्तेफनापासून निकलावापर्यंत त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटणीचे काम सोपवले गेले. पुढे १३व्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीतील संदेष्ट्यांची व शिक्षकांची नावे येतात. त्यांत कुप्र बेटाचा बर्णबा आहे, निग्र म्हटलेला शिमोन आहे, उत्तर आफ्रिकेतील कुरेनेचा लूक्य आहे, मांडलिक हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आहे आणि तार्सचा शौल, म्हणजेच पौल, आहे. त्या मंडळीतली विविधता तिच्या पुढाऱ्यांतही दिसत होती, आणि आपल्या मंडळीची आखणी करताना हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवावा.

आधी मंडळी ओळखा

कोणताही बदल सुचवण्यापूर्वी आज मंडळीत कोण आहे हे नेमके माहीत करून घ्यावे. घरी कोणती भाषा बोलली जाते, वाचता कोणती येते, आधी कोणत्या पंथात वाढ झाली, रविवारी सकाळी कामावर जावे लागते का, मुलांना आईवडिलांच्या भाषेतला संदेश (प्रवचन) कळतो का, या गोष्टी छापील अर्जापेक्षा घरभेटीत चांगल्या कळतात. बोलता येणारी आणि वाचता येणारी भाषा एकच असेल असे गृहीत धरू नये. काहींना कोणतीच लिपी सहज वाचता येत नाही, आणि ते चारचौघांत सांगणे त्यांना अवघड जाते; अशा माणसासमोर गीतांचे पुस्तक उघडून धरणे हीसुद्धा परीक्षा ठरते.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये. जो याच शहरात जन्मला पण ज्याचे रंगरूप किंवा आडनाव वेगळे आहे, अशा माणसाला हा प्रश्न दर रविवारी नव्याने परके ठरवतो. नाव विचारावे, ते नीट उच्चारता येईपर्यंत पुन्हा विचारावे, आणि पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारावी. आपल्या जिभेला सोपे जावे म्हणून कोणाचे नाव छोटे करून घेणे टाळावे. वास्तव्याच्या कागदपत्रांविषयी मंडळीतल्या कोणी कधीही चौकशी करू नये. उपासनेचे थेट प्रक्षेपण होत असेल किंवा छायाचित्रे काढली जात असतील, तर कॅमेऱ्यात न येणाऱ्या जागा ठरवून त्या सर्वांना सांगून ठेवाव्यात, कारण काही माणसे अशा परिस्थितीतून आलेली असतात की त्यांचा ठावठिकाणा उघड होणे त्यांच्या किंवा मागे राहिलेल्या नातलगांच्या जिवावर बेतू शकते.

पुष्कळदा भाषेपेक्षा पंथाचा फरक अधिक जाणवतो. ऑर्थोडॉक्स परंपरेत वाढलेल्या माणसाला उपासनेचा मोठा भाग उभे राहून करण्याची सवय असते. पेंटेकॉस्टल मंडळीतून आलेल्याला सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे स्वाभाविक वाटते. तर ठरलेल्या प्रार्थनापुस्तकावर वाढलेल्याला उत्स्फूर्त प्रार्थना विस्कळीत वाटू शकते. नाताळची तारीखसुद्धा सर्वांची सारखी नसते. जुलियन पंचांग पाळणाऱ्या मंडळ्यांचा नाताळ सध्या ७ जानेवारीला येतो, आर्मेनियन प्रेषितीय मंडळी प्रभूचा जन्म ६ जानेवारीला साजरा करते, आणि पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा पुनरुत्थानाचा सण अनेक वर्षी पाश्चात्त्य मंडळ्यांपेक्षा उशिरा येतो. ही माहिती गोळा करून मंडळीच्या वार्षिक दिनदर्शिकेत घातली, तर त्या दिवशी पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) त्या कुटुंबाला शुभेच्छा देता येतात आणि आपली आठवण ठेवली गेली हे त्या कुटुंबाला कळते.

काय तसेच ठेवायचे आणि काय बदलायचे

या टप्प्यावर बहुतेक समित्या अडखळतात, कारण कोणाला सगळेच पवित्र वाटते आणि कोणाला सगळेच बदलण्यासारखे वाटते. १९९६ साली नैरोबी येथे लुथरन वर्ल्ड फेडरेशन या लुथरन मंडळ्यांच्या जागतिक संघटनेच्या अभ्यासगटाने उपासना आणि संस्कृती यांविषयी एक निवेदन तयार केले. त्यातली विभागणी पंथ कोणताही असला तरी उपयोगी पडते. त्या निवेदनानुसार ख्रिस्ती उपासनेचे संस्कृतीशी चार प्रकारचे नाते असते: उपासनेत काही गोष्टी सर्व संस्कृतींच्या पलीकडच्या असतात, काही त्या त्या ठिकाणच्या संदर्भाला धरून असतात, काही आपल्याच संस्कृतीतल्या अन्यायाला विरोध करणाऱ्या असतात, आणि काही एका संस्कृतीने दुसरीकडून आनंदाने घेतलेल्या असतात. बाप्तिस्मा, वचन, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षमद्य घेण्याचा विधी) आणि प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली प्रार्थना) पहिल्या प्रकारात येतात. आपण कोणत्या चालीवर गातो, कसे बसतो, कोणते कपडे घालतो आणि उपासना किती वेळ चालते, हे दुसऱ्या प्रकारातले विषय आहेत.

ही विभागणी कागदावर करून पाहावी. मागच्या रविवारचा उपासनाक्रम घ्यावा आणि प्रत्येक भागापुढे तो या चारांपैकी कशात बसतो ते लिहावे. तासाभराच्या या कामातून असे दिसते की ज्याला आपण परंपरा म्हणून जपत होतो त्यातले पुष्कळसे एका पिढीची सवय आहे, आणि ज्याकडे कधी लक्ष दिले नव्हते असे काही भाग मात्र सर्व ख्रिस्ती जगाला जोडणारे आहेत. तिसऱ्या प्रकाराकडे सहसा कोणी वळत नाही, पण त्यावर थांबून बोलणे फार गरजेचे आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळकट कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना कडक शब्दांत विचारले आहे. आपल्या मंडळीत वंश, जात, वर्ग किंवा भाषा पाहून जागा, मान किंवा कामे ठरतात का, हे स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण त्या भिंतीला हात न लावता केलेली बहुभाषिक गीते वरवरची ठरतात.

जे बदलता येते ते बदलण्याला मंडळीच्या इतिहासात भक्कम आधार आहे. लोकांना न समजणाऱ्या भाषेत सार्वजनिक प्रार्थना करणे हे देवाच्या वचनाच्या विरुद्ध आहे, असे अँग्लिकन मंडळीच्या शिकवणुकीच्या ३९ कलमांपैकी २४वे कलम स्पष्ट सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजाने कॅथलिक उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि ३७ ते ४० या कलमांत निरनिराळ्या लोकांच्या संस्कृतींनुसार रूपांतर करण्याची वाट खुली केली. अर्थात ज्या पंथात उपासनेचे विधी वरिष्ठांच्या मान्यतेने ठरतात, तिथे बिशप किंवा संबंधित अधिकारी यांच्याशी आधी बोलून घ्यावे, म्हणजे चांगल्या हेतूने केलेले काम मधेच थांबवावे लागत नाही.

भाषा

सगळी उपासना सगळ्या भाषांत करणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते. मुख्य भाषा एक ठेवावी, आणि मंडळीतल्या प्रत्येक भाषेला उपासनेत ठरलेली जागा द्यावी. सुरुवात शास्त्रपाठापासून करणे सर्वांत सोपे जाते. पहिला पाठ एका कुटुंबाच्या भाषेत वाचावा आणि त्याच वेळी मुख्य भाषेतला मजकूर पडद्यावर किंवा छापील पत्रकावर द्यावा. वाचणाऱ्याला पाठ निदान आठवडाभर आधी मिळायला हवा. स्तोत्रसंहितेतला पाठ असेल तर क्रमांक तपासून घ्यावा, कारण ग्रीक आणि लॅटिन परंपरेवर आधारलेल्या भाषांतरांत बऱ्याच स्तोत्रांचे क्रमांक एकाने मागे असतात: आपले २३वे स्तोत्र तिथे २२वे असते. हे न पाहिल्यामुळे वाचक एक स्तोत्र वाचतो आणि पडद्यावर दुसरेच दिसते, आणि संकोच मात्र वाचणाऱ्याला सोसावा लागतो.

प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत म्हणणे हा बहुभाषिक मंडळ्यांत रुळलेला चांगला प्रघात आहे, पण तो नीट पार पाडण्यासाठी थोडी काळजी घ्यावी लागते. पाळकांनी आधी एका वाक्यात सूचना द्यावी की ज्या भाषेत तुम्ही घरी प्रार्थना करता त्या भाषेत म्हणा. मग सुरुवातीचे शब्द उच्चारून त्यांनी मायक्रोफोनपासून बाजूला व्हावे. ते मायक्रोफोनवरच म्हणत राहिले, तर त्यांचीच भाषा सर्वांवर पसरते आणि बाकीचे आवाज दबून जातात. भाषांची लांबी सारखी नसल्याने काही जण लवकर संपवतात आणि काहींना वेळ लागतो. काही पंथांत शेवटी स्तुतिवचन (देवाच्या गौरवाचे वाक्य) असते, काहींत नसते. म्हणून शेवटचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच पाळकांनी ‘आमेन’ म्हणावे, म्हणजे सर्वांना त्या एका शब्दावर एकत्र येता येते. हा शब्द जवळपास सर्व भाषांतल्या ख्रिस्ती उपासनेत तसाच वापरला जातो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात पौलानेही हाच मुद्दा धरला आहे: जे बोलले ते ऐकणाऱ्याला समजलेच नाही, तर तो त्याला ‘आमेन’ कसे म्हणणार?

संदेशाचे भाषांतर करायचे असेल तर दुभाष्याला वेळेवर पुढे बोलावून उभे करू नये. संदेशाची टिपणे, उद्धृत होणारी वचने आणि विशेषनामे त्याच्या हाती निदान दोन दिवस आधी असावीत. बोलणाऱ्याने एक पूर्ण विचार सांगून थांबावे. मराठीसारख्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे अर्ध्या वाक्यावर थांबलेल्या वक्त्याचे बोलणे दुभाष्याला दुसऱ्या भाषेत सुरूच करता येत नाही, आणि शेवटी ‘नाही’ येणार की ‘आहे’ याची वाट पाहत तो ताटकळतो. टप्प्याटप्प्याने भाषांतर केल्यास संदेशाला जवळपास दुप्पट वेळ लागतो, तेव्हा मूळ संदेश तेवढाच आखूड करावा. मोजक्याच लोकांना भाषांतर लागत असेल, तर दुभाष्याने त्यांच्याजवळ बसून हळू आवाजात सांगणे किंवा साधी इअरफोनची यंत्रणा वापरणे बरे. मात्र त्यांना सर्वांच्या मागे एका कोपऱ्यात नेऊन बसवू नये.

घरातल्या मुलांना दोन्ही भाषा येतात म्हणून त्यांच्याकडून दुभाष्याचे काम करून घेण्याचा मोह होतो. सूचना सांगायला ते ठीक आहे. आईवडील पाळकांशी आजार, कर्ज, घरातला कलह किंवा पापकबुली यांविषयी बोलत असताना मुलाला मध्ये उभे करणे मात्र कटाक्षाने टाळावे. अशा वेळी गुप्तता पाळणारी प्रौढ व्यक्ती शोधावी, आणि स्त्रीसाठी शक्यतो स्त्री दुभाषी असावी.

गीते

गीतांवरून मंडळ्यांत जितके वाद होतात तितके सिद्धांतांवरून होत नाहीत, आणि ते समजण्यासारखे आहे. माणूस प्रवचन विसरतो, पण लहानपणी आईबरोबर गायलेले गीत विसरत नाही. त्यामुळे दुसऱ्याचे गीत गाणे हा दुसऱ्याच्या आईचा मान राखण्यासारखा भाग आहे, असे मंडळीला सांगितले तर पुष्कळांना ते पटते.

नवे गीत उपासनेतच प्रथमच गायला लावू नये. उपासनेपूर्वी पाच-दहा मिनिटे ते शिकवावे आणि शिकवणारी व्यक्ती शक्यतो त्या भाषेचीच असावी. शब्द मूळ लिपीत, मंडळीच्या लिपीतल्या उच्चारांत आणि अर्थासह, अशा तीन ओळींत द्यावेत. अर्थ न कळता गायलेले गीत नुसते हौसेचे होते. सुरुवातीला लहान, पुन्हा पुन्हा येणारी ध्रुवपदे घ्यावीत. फ्रान्समधील तेझे या गावी १९४० साली ब्रदर रोजे यांनी सुरू केलेल्या समुदायाने हा मार्ग फार परिणामकारकपणे दाखवून दिला आहे. तिथे निरनिराळ्या देशांतून आलेले तरुण एक-दोन ओळींची गीते अनेक भाषांत शांतपणे वारंवार गातात, आणि पुस्तक न धरताही सर्वांना सहभागी होता येते. एकच गीत तीन-चार रविवार ठेवावे. दर आठवड्याला नवे गीत आणल्यास कोणतेच कोणाचे होत नाही.

भाषांतरित गीतांपाशी थांबू नये. ज्या चालीवर एखादा समाज आपोआप डोलतो त्या चालीवर, त्या समाजातल्या माणसाने रचलेले गीत मंडळीला मिळाले, तर ती खरी देणगी समजावी. वाद्यांबाबतही हाच विचार करावा. ढोलक, गिटार किंवा ऑर्गन यांपैकी कोणतेच वाद्य स्वतःहून अधिक ख्रिस्ती नसते. मात्र एखाद्या समाजात ठरावीक वाद्य किंवा चाल दुसऱ्याच धार्मिक विधीशी घट्ट जोडलेली असेल, तर ती वापरावी की नाही हे त्याच समाजातल्या विश्वासी लोकांना विचारावे. बाहेरच्यांनी उत्साहाच्या भरात ठरवू नये. गीते पडद्यावर दाखवण्यासाठी किंवा छापण्यासाठी हक्कधारकांची परवानगी लागते, तीही घ्यावी.

प्रार्थना

मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या, प्रार्थनेत जगातल्या घडामोडी येणारच, आणि यायलाही हव्यात. ज्यांच्या देशात युद्ध, पूर किंवा दुष्काळ आहे त्यांना आपल्या मंडळीत त्याचा उच्चार झालेला ऐकू आला नाही, तर ते मौन त्यांना फार बोचते. पण इथे विशेष सावध राहावे लागते, कारण एकाच बाकावर बसलेली दोन कुटुंबे एकाच संघर्षाच्या दोन बाजूंची असू शकतात. प्रार्थना करणाऱ्याने मृतांसाठी, जखमींसाठी, घर सोडून निघालेल्यांसाठी आणि तह घडवण्याचे अधिकार ज्यांच्या हाती आहेत त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. कोणाचा विजय मागू नये. आदल्या दिवशी त्या कुटुंबांना विचारले, की ‘उद्या आम्ही तुमच्या देशासाठी प्रार्थना करणार आहोत, त्यात काय मागावे?’, तर पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतात. मंदिरात निरनिराळ्या देशांचे झेंडे लावण्याचा विचार असेल तर तोही आधी बोलून घ्यावा. ज्या सरकारच्या भीतीने माणूस पळून आला, त्याचाच झेंडा वेदीजवळ पाहणे त्याला यातना देऊ शकते.

प्रार्थनेच्या पद्धतींनाही जागा द्यावी. एखाद्या रविवारी काही मिनिटे सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करावी, तर दुसऱ्या रविवारी तितकाच वेळ संपूर्ण शांतता पाळावी, आणि दोन्ही वेळी आधी दोन वाक्यांत सांगावे की ही पद्धत कोणाकडून आली आहे. दरवर्षी मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी होणाऱ्या जागतिक प्रार्थना दिनाची उपासना दर वेळी निराळ्या देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया लिहितात. ज्या मंडळीला कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, तिच्यासाठी तो तयार उपासनाक्रम उत्तम आहे.

प्रभुभोजन, शांतीचे अभिवादन आणि शरीराची भाषा

नवीन माणसाला सर्वांत जास्त संकोच इथेच वाटतो. पुढे जायचे की बसून राहायचे, हात कसे धरायचे, गुडघे टेकायचे का, प्याल्यातून प्यायचे की भाकर त्यात बुडवायची, लहान मुलांना घ्यायचे का, बाप्तिस्मा झाला नसेल तर काय करायचे, हे आजूबाजूला पाहून शिकावे अशी अपेक्षा ठेवू नये. प्रत्येक वेळी पाळकांनी साध्या वाक्यांत ते सांगावे आणि पत्रकात सर्व भाषांत छापावे. जे घेणार नाहीत त्यांच्यासाठी पुढे येऊन आशीर्वाद घेण्याची वाट ठेवावी. मद्य वर्ज्य मानणारे किंवा व्यसनातून सावरत असलेले लोक मंडळीत असतात, त्यामुळे पंथाचे नियम परवानगी देत असतील तिथे द्राक्षरसाची सोय असावी.

शांतीच्या अभिवादनाच्या वेळी, म्हणजे उपासनेत एकमेकांना शांतीच्या शुभेच्छा देताना, कोणी हात मिळवतात, कोणी मिठी मारतात, कोणी हात जोडतात, तर काही समाजांत परक्या स्त्री-पुरुषांनी एकमेकांना स्पर्श करणे रीतीला धरून नसते. पाळकांनी पुढे उभे राहून दोन-तीन पद्धती करून दाखवाव्यात आणि समोरची व्यक्ती जसे करेल तसे करावे असे सांगावे. डोके झाकणे, पादत्राणे काढणे, स्त्री-पुरुषांनी वेगळे बसणे याबाबत कोणावर सक्ती करू नये आणि कोणाला त्यावरून टोकूही नये. रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात खाण्यापिण्यावरून आणि दिवस पाळण्यावरून एकमेकांचा न्याय करू नका असे जे सांगितले आहे, ते इथे अक्षरशः लागू पडते.

संदेश

संदेशात सुधारणा करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आठवड्याच्या मध्ये एक छोटा वाचनगट भरवणे. वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे पाच-सहा जण, येत्या रविवारचा पाठ आणि एक प्रश्न: या उताऱ्यात तुम्हाला आधी कोण दिसते? ज्याने दुष्काळामुळे देश सोडला आहे तो रूथचे पुस्तक वाचताना पहिल्याच वचनापाशी थांबतो, कारण अलीमलेख दुष्काळामुळेच बेथलेहेम सोडून मवाबात गेला होता. हेरोद राजाच्या भीतीने योसेफ आणि मरीया बाळ येशूला घेऊन मिसरात गेले हा मजकूर, रात्रीतून घर सोडावे लागलेल्या आईला पाळकांपेक्षा अधिक कळतो. पाळकांनी यातले नाव न घेता आणि परवानगी घेऊन संदेशात आणावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्या व्यक्तीची तयारी असेल तर तिलाच बोलू द्यावे.

उदाहरणे देताना सर्वांनी एकच शाळा, एकच खेळ आणि एकच दूरदर्शन मालिका पाहिली आहे असे धरून चालू नये. एखाद्या समाजाच्या बोलण्याची किंवा सवयींची नक्कल करून हशा मिळवणे पूर्ण वर्ज्य मानावे.

निर्णय कोण घेते

आतापर्यंतची सर्व कामे एखादा तळमळीचा पाळक एकट्यानेही करू शकेल, आणि म्हणूनच ती टिकणार नाहीत. उपासना समितीत निरनिराळ्या समाजांचे लोक असावेत, आणि प्रत्येक समाजातून निदान दोघे असावेत. एकटा माणूस आपोआप ‘त्या सर्वांच्या वतीने’ बोलणारा होतो. त्याला स्वतःचे मत असू शकते हेच लोक विसरतात. बैठकीचे विषय आधी कळवावेत, कारण दुसऱ्या भाषेत विचार मांडणाऱ्याला तयारीला वेळ लागतो. काही समाजांत वडीलधाऱ्यांसमोर किंवा पाळकांसमोर उघड विरोध करणे उद्धटपणाचे समजले जाते. तिथे गप्प बसणे म्हणजे संमती, असे मानल्यास फसगत होते. अशा वेळी पाळकांनी आपले मत शेवटी सांगावे, आणि महत्त्वाचा निर्णय त्याच बैठकीत न घेता लोकांना घरी जाऊन विचार करायला अवधी द्यावा.

वर्षातून एकदा सर्वांनी आपापला पोशाख घालून, आपापली गीते म्हणून साजरा केलेला रविवार आनंदाचा असतो आणि तो जरूर करावा, पण त्याला या कामाची पावती समजू नये. उरलेल्या रविवारी शास्त्रपाठ कोण वाचते, अर्पण कोण गोळा करते, प्रभुभोजन वाटायला कोण उभे राहते, संडे स्कूलमध्ये कोण शिकवते, खजिनदार कोण आहे आणि इमारतीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, यांवरून मंडळी कोणाची आहे ते कळते. नवीन लोकांना नेहमी खुर्च्या मांडणे आणि भांडी घासणे अशीच कामे मिळत असतील, तर ते ताबडतोब बदलावे.

जुन्या सभासदांविषयी

ज्यांनी वर्गणी काढून मंदिर बांधले, ज्यांच्या आईवडिलांचे अंत्यविधी तिथे झाले, त्यांना बदल नकोसा वाटतो तेव्हा त्यांना संकुचित ठरवण्याची घाई करू नये. आपले काहीतरी हातातून निसटते आहे हे त्यांचे दुःख खरे असते, आणि ते ऐकून घेतले गेले तर त्यातलेच अनेक जण पुढे या कामाचे आधारस्तंभ होतात. उपासनेचा सांगाडा, म्हणजे एकत्र येणे, वचन ऐकणे, प्रभुभोजन आणि आशीर्वाद घेऊन निघणे, हा तसाच ठेवावा आणि बदल त्याच्या आत करावेत. त्यांच्या आवडीची जुनी गीते काढून टाकू नयेत. एका वेळी एकच बदल आणावा, तो का आणला हे उपासनेत सांगावे आणि निदान तीन महिने चालू ठेवावा. मात्र कोणी ‘ते लोक’ अशा शब्दांत तुच्छतेने बोलत असेल, तर ते दुःख समजून सोडून देऊ नये. पाळकांनी आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी त्या व्यक्तीशी एकांतात स्पष्ट बोलावे.

एकाच इमारतीत भाषेनुसार वेगवेगळ्या उपासना चालत असतील तर त्या बंद करण्याची गरज नाही. आठवडाभर परक्या भाषेत राबणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत रडायला आणि गायला जागा हवीच असते. महिन्यातून एकदा संयुक्त उपासना ठेवावी, तिची आखणी दोन्ही बाजूंनी मिळून करावी आणि सोयीची वेळ आलटून पालटून द्यावी. दर वेळी दुपारची गैरसोयीची वेळ एकाच गटाच्या वाट्याला येऊ देऊ नये.

दर सहा महिन्यांनी समितीने आढावा घ्यावा. किती नवे लोक आले हे मोजण्यापेक्षा कोण टिकले, कोण येईनासे झाले आणि का, हे विचारावे. येईनाशा झालेल्या कुटुंबाला भेटायला जावे आणि स्वतःचे समर्थन न करता ऐकावे. उपासनेत निरनिराळी कामे कोणी केली याची नोंद ठेवलेली असेल, तर कोणते घर राहून गेले ते लगेच दिसते. पाळकांची बदली झाली की अशी कामे पुष्कळदा थांबतात, म्हणून समितीची रचना, शास्त्रपाठाच्या भाषांचा क्रम, दुभाष्यांच्या तयारीची पद्धत आणि संयुक्त उपासनेचे वेळापत्रक मंडळीच्या ठरावांत लेखी नोंदवावे, आणि नव्या पाळकांच्या पहिल्याच बैठकीत ते त्यांच्या हाती द्यावे.